देशाचं एकूण क्षेत्रफळ आणि त्याचे बदलते आकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देशाची लोकसंख्या बदलते, याचं कुणाला नवल वाटत नाही. क्षेत्रफळाचा आकडा बदललेला दिसला की मात्र वाचक बुचकळ्यात पडतात आणि लिहून विचारतात. जमीन काय वाढते का? कुणी विकली का? जुना तक्ता चुकीचा होता का? असे पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे आहेत, पुढे पेचाचे. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. देशाचं "एकूण क्षेत्रफळ" म्हणजे काय? त्यात नद्या-तलाव धरतात का?

धरतात. देशाच्या हद्दीतली सगळी जमीन आणि तिच्या आतलं पाणी, म्हणजे नद्या, सरोवरं, धरणांचे जलाशय, मिळून एकूण क्षेत्रफळ होतं. काही किनारी जलमार्गही त्यात येतात. त्यातून आतलं पाणी वजा केलं की उरतं ते भूक्षेत्र. उदाहरणार्थ, भारताचं एकूण क्षेत्रफळ ३२,८७,२६३ चौ. किमी दिलं जातं, तर जागतिक बँकेच्या तक्त्यात भूक्षेत्र २९,७३,१९० चौ. किमी आहे. हे दोन्ही आकडे "भारताचं क्षेत्रफळ" म्हणून फिरतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. बर्फाखालची जमीन मात्र एकूण क्षेत्रफळातून सहसा वजा होत नाही. ग्रीनलंडचा बहुतेक भाग हिमाच्छादित असला तरी तो बहुतेक ठिकाणी पूर्ण मोजला जातो.

२. मग समुद्र का नाही? बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्र देशाचाच असतो ना?

त्या समुद्रावर देशाची सत्ता असते, पण क्षेत्रफळात तो साधारणपणे धरत नाहीत. बारा सागरी मैल म्हणजे सुमारे २२ किमी, तर विशेष आर्थिक क्षेत्र (जिथल्या मासळी-खनिजांवर त्या देशाचा हक्क असतो) २०० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७० किमी पसरतं. हे सगळं धरलं तर छोटीशी बेटं खंडाएवढी दिसू लागतील.

खरा पेच किनाऱ्यावर आहे. जमीन संपते कुठे? भरतीच्या रेषेवर की ओहोटीच्या? १९८२च्या आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यात समुद्राची हद्द मोजायला सुरुवात होते ती ओहोटीच्या रेषेपासून. जमिनीचे नकाशे काढणारे बहुतेक वेळा भरतीची रेषा किंवा सरासरी समुद्रपातळी घेतात. खडकाळ, उभ्या किनाऱ्यावर दोन्ही रेषा जवळपास एकच असतात. जिथे ओहोटीला पाणी काही किलोमीटर मागे हटतं अशा सपाट, गाळाच्या किनाऱ्यावर मात्र या एका निवडीनं मोठं क्षेत्र आत येतं किंवा बाहेर जातं.

३. हे आकडे कोण गोळा करतं?

मोजणी त्या त्या देशाची भूमापन संस्था करते. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना दरवर्षी देशांकडे प्रश्नावली पाठवून आकडे मागवते, आणि जागतिक बँक तेच आपल्या तक्त्यात घेते. ही मालिका १९६१पासून सुरू होते.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. बहुतेक देश वर्षानुवर्षं तोच आकडा पुन्हा कळवतात. आलेखावरची सरळ आडवी रेषा पाहून "इथे काहीच बदललं नाही" असं समजू नका. पुष्कळदा तिचा अर्थ एवढाच असतो की कुणी पुन्हा मोजलेलं नाही. जपानसारखे मोजके देश दरवर्षी नव्यानं हिशेब करून आकडा जाहीर करतात. त्यांच्या मालिकेत दरवर्षी बारीक फरक दिसतो, तो त्यामुळे.

४. एवढा मोठा देश प्रत्यक्षात मोजतात तरी कसा?

सतराव्या शतकाच्या शेवटी एडमंड हॅलीनं (धूमकेतूवाला तोच) इंग्लंडचा नकाशा कापून कागदाचे तुकडे तराजूत तोलले होते आणि वजनावरून क्षेत्रफळ काढलं होतं. पद्धत ऐकायला गमतीची वाटते, पण तिच्यामागचा विचार पक्का होता.

पुढे त्रिकोणांची साखळी आली. एक पायारेषा अगदी काळजीपूर्वक मोजायची, तिच्या दोन्ही टोकांवरून तिसऱ्या बिंदूचे कोन घ्यायचे, आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत देशभर जायचं. भारतात विल्यम लॅम्बटननं हे काम १८०२मध्ये सुरू केलं. अशा मोजणीतून नकाशा तयार झाला की त्यावरची आकृती मोजायला १८५४च्या सुमारास याकोब आम्सलरनं प्लॅनिमीटर बनवला. या उपकरणाची टोकदार सुई सीमेवरून एकदा फिरवली की आतलं क्षेत्रफळ मिळतं.

आज सीमारेषा म्हणजे अक्षांश-रेखांशांच्या हजारो जोड्या. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे हे लक्षात घेऊन, त्या चपट्या गोलावरच संगणक बंदिस्त आकृतीचं क्षेत्रफळ काढतो. पृथ्वीचा आकार किती चपटा मानायचा याची मापं गेल्या दोनशे वर्षांत सुधारत आली आहेत, त्यामुळे जुनी मोजणी नव्या मापावर आणताना आकडा थोडा हलतो.

५. छापील नकाशावरून मी स्वतः मोजलं तर?

नकाशा कोणता, यावर सगळं अवलंबून आहे. मर्केटरनं १५६९मध्ये खलाशांसाठी केलेल्या पद्धतीचा नकाशा असेल तर मोजू नका. त्यात दिशा बरोबर राहते, पण विषुववृत्तापासून दूर जावं तसं क्षेत्र फुगतं. ६० अंश अक्षांशावर ते चौपट दिसतं. ग्रीनलंड आफ्रिकेएवढा वाटतो तो त्यामुळे. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे. क्षेत्रफळ मोजायला समक्षेत्र प्रक्षेपणाचाच, म्हणजे क्षेत्राचं प्रमाण सगळीकडे सारखं राखणारा नकाशा घ्यावा.

६. डोंगराळ देशाचे उतार धरले तर त्याचं क्षेत्रफळ कितीतरी जास्त भरेल ना?

भरेल, पण उतार धरतच नाहीत. डोंगर वरून पाहिल्यावर जेवढी जागा व्यापतो तेवढीच मोजतात. ३० अंशांच्या उताराचा पृष्ठभाग त्याच्या सपाट छायेपेक्षा १५ टक्क्यांनी जास्त असतो, ४५ अंशांवर ४१ टक्क्यांनी. मग हा पृष्ठभाग का सोडायचा, असा प्रश्न येतो.

कारण असं की उतार मोजायला लागलं तर थांबायचं कुठे हेच ठरत नाही. डोंगर धरला तर टेकाड का नाही, टेकाड धरलं तर प्रत्येक धोंड्याच्या बाजू का नाहीत? मोजमाप जितकं बारीक, तितका आकडा मोठा. सपाट छायेला असा अंत नसलेला प्रश्न पडत नाही. पाऊस आणि ऊनही त्या छायेच्याच हिशेबानं वाटून मिळतं.

७. किनाऱ्याची लांबी प्रत्येक पुस्तकात वेगळी असते. क्षेत्रफळाचा भरवसा तरी कसा धरावा?

भरवसा धरायला हरकत नाही. स्पेन आणि पोर्तुगालच्या सामाईक सीमेची लांबी एकीकडे ९८७ किमी आणि दुसरीकडे १,२१४ किमी दिली जाते, हे लुईस फ्राय रिचर्डसननं दाखवून दिलं होतं. मोजपट्टी लहान केली की प्रत्येक वळण लांबीत भर घालतं. क्षेत्रफळाचं तसं होत नाही. किनाऱ्यावरचा एक खाचखळगा थोडी जागा आत घेतो, शेजारचा थोडी बाहेर टाकतो. मोजणी बारीक होत जाते तसा आकडा वाढत न जाता एका ठिकाणी स्थिरावतो.

८. जमीन तीच, सरहद्द तीच, तरी आकडा का बदलला?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचाही हाच, कारण मालिकेतल्या कितीतरी उड्यांचा उगम इथे आहे.

अमेरिकेचं पाहा. एका प्रसिद्ध संदर्भकोशात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिचं क्षेत्रफळ ९३,७२,६१० चौ. किमी होतं. नंतर त्यात उत्तरेकडच्या मोठ्या सरोवरांचं आणि किनाऱ्यालगतचं पाणी मिळवलं आणि आकडा ९६,२९,०९१ झाला. पुढे प्रादेशिक समुद्रही (प्रश्न २मधला बारा सागरी मैलांचा) मिळवला, तेव्हा तो ९८ लाखांच्या पलीकडे गेला. एवढ्या काळात अमेरिकेनं कुठेही जमीन जिंकली किंवा विकत घेतली नव्हती. चीनचा आकडा सुमारे ९६ लाख असल्यामुळे, जगात तिसरा देश कोणता याचं उत्तर मात्र या बेरजेवर फिरलं. शाळकरी स्पर्धांमध्ये यावरून होणारे वाद मुलांच्या चुकीतून होत नाहीत. दोन पुस्तकांनी दोन व्याख्या वापरल्या आणि त्या सांगितल्या नाहीत, म्हणून होतात.

फ्रान्सचे युरोपातल्या भूभागासाठीच दोन आकडे आहेत. भौगोलिक मोजणीनुसार सुमारे ५,५१,५०० चौ. किमी, आणि जमीन-नोंदणीनुसार सुमारे ५,४४,०००. नोंदणीत एक चौ. किमीपेक्षा मोठी सरोवरं, तळी, हिमनद्या आणि नद्यांची मुखं सोडून देतात. सागरापारचे प्रांत मिळवले तर आणखी तिसरा आकडा तयार होतो.

भूतानचा आकडा जुन्या तक्त्यांत ४७,००० चौ. किमीच्या आसपास असे, आज ३८,३९४ आहे. नेमकी मोजणी झाली आणि उत्तरेकडची सीमारेषा नकाशावर नव्यानं आखली गेली, तेव्हा जवळजवळ पाचवा हिस्सा कागदावरून कमी झाला.

जपाननं २०२३मध्ये आपली बेटं पुन्हा मोजली तेव्हा ६,८५२ ऐवजी १४,१२५ भरली. पूर्वी नकाशावर न दिसलेल्या किंवा एकत्र धरलेल्या बेटांची वेगळी नोंद झाली होती. संख्या दुपटीवर गेली तरी देशाचं क्षेत्रफळ त्यामुळे बदललं नाही.

९. मालिकेत अचानक उडी दिसली तर आधी काय तपासू?

उडी कोणत्या वर्षी आहे ते बघा आणि त्या वर्षी देश फुटला, जोडला गेला किंवा सीमाकरार झाला का ते शोधा (प्रश्न १३, १५). तसं काही सापडलं नाही तर तक्त्याच्या तळटीपा वाचा. व्याख्या बदलल्याचं बहुधा तिथेच लिहिलेलं असतं, आणि तळटीप कुणी वाचत नाही. तेही नसेल तर नव्या मोजणीची शक्यता धरा. मग भूक्षेत्र आणि अंतर्गत पाणी वेगवेगळे काढून पाहा. दोन्हींची बेरीज तीच राहून फक्त वाटणी बदलली असेल तर प्रश्न १२ वाचा. प्रत्यक्ष जमीन वाढल्या-घटल्यामुळे एका वर्षात मोठी उडी सहसा येत नाही. तो बदल सावकाश होतो.

१०. माणसानं भराव टाकून देश खरंच मोठा केल्याची उदाहरणं आहेत?

आहेत. सिंगापूर १९६०च्या सुमारास ५८१ चौ. किमी होतं, आज ७३०च्या पुढे आहे. म्हणजे पाव हिश्श्यानं वाढ. मोनाको जेमतेम दोन चौ. किमीचा. तिथे समुद्रात उभारलेली सहा हेक्टरची नवी वस्ती २०२४च्या अखेरीस खुली झाली. एरवी सहा हेक्टर कुणाच्या खिजगणतीत नसते, मोनाकोसाठी ती तीन टक्के आहे.

नेदरलँड्सची गोष्ट मोजणीच्या दृष्टीनं सगळ्यात शिकवणारी. १९३२मध्ये त्यांनी एका मोठ्या समुद्रखाडीच्या तोंडावर बांध घातला आणि आतलं पाणी हळूहळू गोडं झालं. जमिनीचा एक इंचही वाढला नव्हता, पण कालपर्यंत समुद्र असलेलं पाणी देशाचं अंतर्गत पाणी झालं. पुढे त्याच सरोवराचे भाग उपसून कोरडे केले, आणि १९८६मध्ये तिथे फ्लेव्होलांड नावाचा नवा प्रांत अस्तित्वात आला. त्याची जमीन सुमारे १,४०० चौ. किमी. पहिल्या पायरीत एकूण क्षेत्रफळ हलतं, दुसरीत भूक्षेत्र. दोन्ही एकाच वेळी हलतात असं गृहीत धरलं की हिशेब चुकतो.

कृत्रिम बेट मात्र सागरी कायद्यात "बेट" ठरत नाही. त्याच्याभोवती नवा प्रादेशिक समुद्र मिळत नाही.

११. निसर्ग जमीन वाढवतो तेव्हा? आणि समुद्राची पातळी वाढतेय, तर बेटांचे देश आक्रसत असतीलच ना?

निसर्ग दोन्ही करतो. आइसलँडजवळ १९६३मध्ये समुद्रातून ज्वालामुखी वर आला आणि सुर्त्से बेट तयार झालं. १९६७पर्यंत ते २.७ चौ. किमीचं झालं होतं, लाटांनी त्याचा जवळपास निम्मा भाग नेला. जपानचं निशिनोशिमा २०१३पासूनच्या उद्रेकांत मूळ बेटाच्या दहापटींच्या घरात गेलं. पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यासमोर २०१३च्या भूकंपात वर आलेलं चिखलाचं बेट काही वर्षांत पाण्याखाली गेलं. फिनलंडमध्ये हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्यातून सुटलेली जमीन अजून वर येते आहे, आणि समुद्र मागे हटून दरवर्षी सुमारे सात चौ. किमी भर पडते.

बेटांच्या देशांबद्दलचं उत्तर वाचकांना अनपेक्षित वाटतं. तुवालूच्या १०१ बेटांचा १९७१ ते २०१४ या काळातला अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकूण जमीन २.९ टक्क्यांनी वाढलेली आढळली. लाटा प्रवाळाची वाळू किनाऱ्यावर आणून टाकतात, काही बेटं झिजतात, काही वाढतात. म्हणून तिथला धोका खोटा आहे, असं कृपया कुणी म्हणू नये. क्षेत्रफळ उंची सांगत नाही, खारं झालेलं पिण्याचं पाणी सांगत नाही, वादळात घरात शिरणारी लाटही सांगत नाही. हा आकडा ज्या प्रश्नासाठी बनलेलाच नाही त्याचं उत्तर त्याच्याकडून मागणं हा त्या लोकांवर अन्याय आहे.

साऱ्या जगाच्या किनाऱ्यांचा उपग्रह-चित्रांवरून केलेला एक अभ्यास २०१६चा आहे. तीस वर्षांत किनारी भागात सुमारे ३३,७०० चौ. किमी नवी जमीन झाली आणि २०,१०० चौ. किमी गेली, असं त्यात दिसलं. भराव आणि गाळ यांनी झीज मागे टाकली होती.

१२. सरोवर आटलं किंवा धरण बांधलं तर देश वाढतो की घटतो?

यातलं काहीच नाही. एकूण क्षेत्रफळ तेवढंच राहतं, फक्त आतली वाटणी बदलते. अरल समुद्र १९६०मध्ये सुमारे ६८,००० चौ. किमीचा होता आणि पुढच्या दशकांत त्याचा बहुतेक भाग आटला. कझाकस्तान आणि उझबेकिस्तानच्या हद्दीत कोरडा तळ उघडा पडला, भूक्षेत्रात भर पडली, पण एकूण आकडा हलायचं कारण नाही. धरणाचा जलाशय भरला की उलट घडतं. नेदरलँड्ससारखं समुद्राला बांध घालणं याहून वेगळं (प्रश्न १०).

१३. देश फुटल्यावर जुन्या वर्षांचे आकडे बदलतात का?

नियम एकच नाही. सुदान २०११पर्यंत २५,०५,८१३ चौ. किमीचा, आफ्रिकेतला सगळ्यात मोठा देश होता. ९ जुलै २०११ला दक्षिण सुदान वेगळा झाला, सुदान १९ लाखांच्या आत आला आणि पहिला क्रमांक अल्जीरियाकडे गेला. काही मालिका जुन्या वर्षांसाठी जुना सुदानच दाखवतात, काही आजच्या सीमा मागे नेऊन लावतात. सोव्हिएत संघ २.२४ कोटी चौ. किमीचा होता, रशिया १.७१ कोटींचा. १९८०च्या रकान्यात "रशिया" लिहिलेलं दिसलं तर ही आजची सीमा आहे हे ओळखा. दरडोई किंवा दर चौ. किमी हिशेब करताना लोकसंख्या आणि क्षेत्रफळ एकाच सीमेचे आहेत ना, हे आधी जुळवून घ्या.

१४. ज्या भूभागावर दोन देश हक्क सांगतात तो कुणाच्या खात्यात धरतात?

देशाचा अधिकृत आकडा त्याच्या दाव्याप्रमाणे असतो. भारताच्या ३२,८७,२६३ चौ. किमीमध्ये पाकिस्तान आणि चीनच्या ताब्यात असलेला जम्मू-काश्मीर व लडाखचा भागही आहे. अर्जेंटिना अंटार्क्टिकावरचा दावा धरून ३७ लाखांहून अधिक आणि तो सोडून २७,८०,४०० चौ. किमी सांगतो. १९५९च्या अंटार्क्टिक करारानं असे दावे आहेत तिथेच गोठवले, त्यामुळे आंतरराष्ट्रीय तक्ते सहसा दुसरा आकडा घेतात. दावा आणि ताबा यांतलं काय मोजलं आहे हे तक्त्यानं सांगितलंच पाहिजे. सांगितलं नसेल तर तो तक्ता मी वापरत नाही.

उलट टोकाचं उदाहरण म्हणजे बीर ताविल. इजिप्त आणि सुदान यांच्यामधला सुमारे २,००० चौ. किमीचा हा वाळवंटी तुकडा दोघांनाही नको आहे. तो आपला म्हटला तर शेजारच्या मोठ्या हलाइब त्रिकोणावरचा हक्क सोडावा लागेल. म्हणून दोन्ही देश हलाइब आपल्यात धरतात आणि बीर ताविल कुणीच धरत नाही. सगळ्या देशांच्या अधिकृत आकड्यांची बेरीज जगाच्या जमिनीशी जुळत नाही, त्यामागे अशीही कारणं आहेत.

१५. नदी किंवा हिमनदी ही सरहद्द असेल आणि तीच सरकली तर?

नदी हळूहळू सरकली तर सरहद्दही तिच्याबरोबर सरकते, पण पुरात एकदम नवं पात्र धरलं तर सरहद्द जुन्याच पात्रात राहते, असा सर्वसाधारण संकेत आहे. "हळूहळू" म्हणजे किती, यावर मात्र भांडणं होतात. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातला रिओ ग्रांदे नदीकाठच्या चामिसालचा वाद शंभर वर्षांच्या आसपास चालला आणि १९६३च्या करारानं मिटला. बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी म्यूज नदी सरळ केल्यानंतर पलीकडे अडकलेले तुकडे २०१८मध्ये समजुतीनं बदलून घेतले. आल्प्समध्ये मॅटरहॉर्नजवळ हिमनदी वितळून पाणलोटाची रेषा सरकली, तेव्हा स्वित्झर्लंड आणि इटलीनं सीमा नव्यानं ठरवली. स्वित्झर्लंडनं २०२४मध्ये तिला मान्यता दिली.

भारत-बांगलादेश करार यापेक्षा वेगळा होता. तिथे नदी सरकली नव्हती, एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या वस्त्यांचा प्रश्न होता. ३१ जुलै २०१५च्या मध्यरात्री भारताच्या १११ वस्त्या (१७,१६० एकर) बांगलादेशात आणि बांगलादेशाच्या ५१ वस्त्या (७,११० एकर) भारतात आल्या. फक्त या वस्त्यांचा हिशेब केला तर फरक सुमारे ४० चौ. किमीचा. भारताच्या एकूण आकड्यात तो शोधूनही दिसणार नाही. तिथल्या माणसांना मात्र अनेक दशकांनंतर एक देश मिळाला.

१६. लोकसंख्येची घनता काढताना कुठलं क्षेत्रफळ घ्यायचं?

भूक्षेत्र. बांगलादेशाचं एकूण क्षेत्रफळ १,४७,५७० चौ. किमी आणि भूक्षेत्र १,३०,१७०. लोकसंख्या १७ कोटी धरली तर पहिल्या हिशेबानं दर चौ. किमी सुमारे १,१५०, दुसऱ्यानं १,३०० माणसं येतात. दोन देशांची तुलना करताना दोघांसाठी एकच व्याख्या वापरा.

१७. एकच जमीन दोन देशांच्या क्षेत्रफळात, आणि तरी वाद नाही, असं कुठे आहे का?

आहे. फ्रान्स आणि स्पेनमधल्या बिदासोआ नदीत फेजंट बेट नावाचं एक हेक्टरही न भरणारं बेट आहे. १६५९मध्ये दोन्ही राजसत्तांनी इथेच शांततेचा तह केला. तेव्हापासून ते दोघांचं सामाईक आहे आणि कारभार दर सहा महिन्यांनी एकाकडून दुसऱ्याकडे जातो. फेब्रुवारी ते जुलै स्पेन, ऑगस्ट ते जानेवारी फ्रान्स.